मेहुणबाऱ्याजवळ बंद पडलेली गाडी

हे आजवर कुणापाशी निघालं नाही. माझ्या बहिणीपाशी, शैलापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी जमतंय का बघते.

चाळीसगावला आबांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं गॅरेज होतं. आई लवकर गेली. आम्ही दोघी बहिणी, मी थोरली. आबांची नजर अधू व्हायला लागली तशी मी कॉलेज सोडून त्यांच्या हाताखाली आले — कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगते. काम मला आवडायचं. तेव्हा, ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला, पान्हा धरणारी बाई बघायला लोक उगाच थांबायचे, तेही अंगवळणी पडलं. शैला मात्र शिकली, बी.एड. झाली. उन्हाळ्यात तिला धुळ्याच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं.

आबांनी ठरवलं, पोरीला आपल्या गाडीतून न्यायचं. एसटी होती, रेल्वे होती. पण मोडीत निघालेली एक पांढरी मोटार त्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली होती. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणारा पंपही त्यांनीच खोलून, आत रबरी पडदा बसवून जोडला होता. शाळेच्या दारात त्या गाडीतून उतरायचं होतं त्यांना.

आदल्या दुपारी मी गाडी तपासायला घेतली. इंजिनातलं ऑईल मोजायची पट्टी ओढली, तर ऑईल खुणेच्या बरंच वर चढलेलं, आणि पातळ. पट्टी नाकाशी नेली. पेट्रोलचा वास. म्हणजे पंपातला पडदा चिरला होता आणि पेट्रोल ऑईलमध्ये उतरत होतं. गाडी अजून चालली असती, पण कुठवर, ते सांगता येत नव्हतं. नवा पडदा फळीवर होता. मला कितीसा वेळ लागला असता?

मी पट्टी पुसली आणि परत घातली.

का? — त्याच दिवशी सकाळी शैला मुलाखतीची साडी नेसून बघत होती. निऱ्या धरायला मी पुढे झाले, तर म्हणाली, "अक्का, तू नको. तुझ्या हाताला ऑईलचा वास येतो." आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. रागाने नाही, सहज. वास येतच होता. एवढ्यावरून कुणी असं करतं का? ती धुळ्याला गेली की मागे मी, आबा आणि ते गॅरेज — हेही मनात होतं. कशाचं किती होतं, मला सांगता यायचं नाही.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "पंप देखा का व माय?"

"देखा. चांगला शे," मी म्हणाले.

आणि तरी दुसऱ्या दिवशी निघताना तो नवा पडदा मी फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. कशाला? वाटेत हिंमत गळाली तर असावा म्हणून? की मला सगळंच हातात हवं होतं — थांबवणंही आणि चालू करणंही?

गाडी मी चालवत होते. वाटेतलं मेहुणबारे गाव सोडलं आणि ती आचके देत बंद पडली. ऊन मी म्हणत होतं. आबांनी कार्बोरेटरची नळी काढली, मला स्टार्टर मारायला सांगितलं. नळीतून थेंब आला नाही. मग त्यांनी ऑईलची पट्टी ओढून हुंगली, आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

"पडदा फाटना," ते म्हणाले. "मीच बसाडेल व्हता. मना डोया काम देत नही आते."

तेव्हा बोलायचं होतं. पिशवी माझ्या पायाशी होती. शैला घड्याळ बघत होती, पदराने कपाळ टिपत होती, आणि मी — मी बॉनेटला टेकून गिरणा नदीच्या बाजूला बघत राहिले.

दोन एसट्या न थांबता गेल्या. शेवटी टरबुजांच्या एका टेम्पोने आबांना आणि शैलाला घेतलं, गाडीपाशी मी थांबले. टेम्पो वळणाआड गेला आणि मी पंप उतरवला. पडदा बदलला, नळ्या घट्ट केल्या. हात एकदाही चुकला नाही.

धुळ्याला पोचले तेव्हा कळलं, टेम्पो पोचायच्या आधीच मुलाखती आटपल्या होत्या. शैला शाळेच्या पायरीवर बसली होती, साडीवर टेम्पोतली माती. आबांनी गाडी बघितली आणि पुढे आले. पडदा कुठे मिळाला, म्हणाले. मेहुणबाऱ्याला एकाकडे मिळाला, मी म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर आबांनी इंजिनाला हात लावला नाही. गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि येईल त्याला सांगायचे — माझ्या चुकीने गाडी बंद पडली, पोरीने एकटीने भर रस्त्यात चालू केली. त्या गोष्टीने माझं नाव झालं. जामनेर, पारोळ्याहून गाड्या यायला लागल्या. शैलाला दुसरीकडे नोकरी लागली नाही. पुढच्या वर्षी जामनेरला लग्न झालं, तिथे ती दिराच्या कापडाच्या दुकानात बसते.

आबांच्या शेवटच्या आजारपणात ती आली होती. आबांनी तीच गोष्ट डॉक्टरांना सांगितली, धाप लागत असताना. शैला म्हणाली, "खरंच डॉक्टर, अक्का म्हणजे अक्काच." आबा माझ्याकडे बघत होते — काही दिसत होतं की नाही, कोण जाणे. मी त्यांना पाणी पाजलं. डॉक्टर माझ्याकडे बघून कौतुकाने हसले, आणि मीही हसले.