रापणीच्या वाट्याचा मासा

"मासे आधी," दिगूभाऊ म्हणाले.

"कोरल आधी," फोनवरून सर म्हणाले.

मी दोघांच्या मध्ये. एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानाशी दिगूभाऊ. उभा होतो हॉटेलच्या गच्चीवर, कारण रेंज फक्त तिथेच यायची, तीही पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभं राहिलं तर.

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. पंचाईत तीच होती.

दिगूभाऊ म्हणजे हॉटेलचे मालक. मालवणच्या जरा बाहेर, समुद्राला लागून नव्या खोल्या बांधल्या होत्या. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. पर्यटक वाढत होते. गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी रीफ टँक पाहिला आणि रिसेप्शनला तसाच हवा म्हणून हट्ट धरला. रीफ टँक म्हणजे साधी माशांची पेटी नव्हे. खारं पाणी, रचलेले दगड, त्यावर जिवंत प्रवाळ, म्हणजे कोरल, आणि त्यात फिरणारे मासे. समुद्राचा एक कोपरा काचेत बसवायचा.

सर म्हणजे पुण्यातले माझे मालक, अॅक्वेरियमवाले. मी भंडारा जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. फिरत फिरत पुण्याला आलो आणि सरांकडे टाक्या घासायला लागलो. सरांनी शिकवलं, जेवू घातलं, हातात पाणी तपासायचं टेस्ट किट दिलं. ही माझी पहिली एकट्याची साइट.

"हे जमलं तर तू साइटचा माणूस," निघताना सर म्हणाले होते. "नाही जमलं तर दुकानात काम आहेच की."

ते प्रेमाने म्हणाले. मी धमकी म्हणून ऐकलं. माझा स्वभावच तसा. समुद्र तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे तलाव. पहिल्या दिवशी लाटा बघून मला वाटलं, हे पाणी बंद कधी होतं?

तर भांडण असं. कोरल पाणी घाण करत नाही. मासा खातो आणि घाण करतो. नव्या टाकीला ती घाण पचवायची सवय नसते. शिवाय माशाला पांढरे ठिपके आले, म्हणजे रोग झाला, की औषध तांब्याचं. तांब्याने मासा वाचतो आणि कोरल मरतं. दगड तर ते तांबं शोषून धरतात. म्हणून सरांचं म्हणणं, कोरल आधी. मासे दुकानात वेगळे ठेवून, निरोगी आहेत हे पाहून, मग टाकीत.

दिगूभाऊंचं म्हणणं सोपं होतं. "अरे, उद्घाटनाक लोक येतले. ते काय दगडाक चिकटलेली फुलां बघूक येतत? लोकांका हलणारा काय तरी होया!"

त्याआधी त्यांनी आणखी एक तोडगा सुचवला होता. "कोरल पुण्यासून कित्याक? समोर दर्यात आसा. माणूस धाडतंय, घेऊन येता."

"भाऊ, इथलं कोरल उचलायला कायद्याने बंदी आहे," मी म्हणालो. "आपलं बाहेरून येतं, कागदपत्रांसकट. इथलं उचललं तर तुम्ही आणि मी दोघं ओरोसला, जिल्ह्याच्या साहेबांपुढे."

"नको रे बाबा," दिगूभाऊ म्हणाले. "ओरोसाक मी आधीच खूप फेरे मारलंय."

शेवटी फोनवर तह झाला. पुण्याहून गाडीत एकच डबा येईल. त्यात कोरल, आणि सोबत दोन क्लाऊन मासे, केशरी अंगावर पांढरे पट्टेवाले. दुकानात तपासून ठेवलेले. लहान जीव, घाण थोडी. सर खूश, दिगूभाऊ खूश. मी खाली आलो आणि पाण्याचा खारटपणा पुन्हा मोजला. मघाशीच मोजला होता. तेवढाच होता.

आता काकींबद्दल सांगायला हवं. हॉटेलच्या मागे रुक्मिणकाकींचं घर. माझं राहणं-जेवण त्यांच्याकडे. सकाळी बाजारात मासे विकायच्या आणि दुपारी माझ्यावर लक्ष ठेवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पिंपात मीठ ढवळताना पकडलं.

"काय करतंस रे?"

"टाकीसाठी खारं पाणी बनवतोय, काकी."

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा समुद्राकडे पाहिलं. "आणि ह्या काय आसा?"

किनाऱ्याच्या पाण्यात गाळ असतो, बोटींचं डिझेल असतं, म्हणून गाळलेल्या पाण्यात तयार मीठ घालतात, असं मी समजावलं. त्यांनी मान हलवली. डॉक्टरने न समजणारं काही सांगितलं की आपण हलवतो तशी.

पुढचा प्रकार जास्त वाईट होता. नवी टाकी भरली की तिचं 'सायकल' करावं लागतं. पाण्यात काहीतरी कुजायला ठेवायचं. त्यातून अमोनिया सुटतो. तो खाणारे जंतू दगडांत हळूहळू वाढतात. ते पुरेसे वाढले की टाकी घाण पचवायला तयार. कुजायला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे कोलंबी. मी काकींकडूनच एक मागून घेतली आणि पाण्यात टाकली. थोड्या दिवसांनी त्या बघायला आल्या.

"माझा सुंगट कुजवलंस?" सुंगट म्हणजे कोलंबी. "ताजा सुंगट? मेल्या, खाऊक दिलंलय तुका!"

"ते सायकलसाठी लागतं, काकी."

"सायकल!" त्या म्हणाल्या आणि बराच वेळ टाकीकडे बघत राहिल्या. स्वच्छ पाणी, दगड, एक कुजकी कोलंबी. मासा एकही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दया होती. ती मला तेव्हा कळायला हवी होती.

सायकलच्या दिवसांत साइटवर फारसं काम नसतं. पाणी तपासायचं आणि वाट बघायची. मला रिकामं बसवत नाही, बसलो की काळज्या सुरू होतात. म्हणून मी सकाळी किनाऱ्यावर रापण ओढायला जायला लागलो. रापण म्हणजे मोठं जाळं. होडीने अर्धगोल टाकून येतात आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी माणसं दोरीने ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीतला वाटा. दोरीला हात लावला की वाटा ठरलेला, मग तो गावचा असो की पाहुणा. पण मी वाटे पडायच्या आत सटकायचो. मला वाटायचं, आपण काय ओढलं असं? या लोकांनी ओढू दिलं हेच पुष्कळ. मागून कोणीतरी ओरडायचं, "रे भंडारकर, वाटो!" मी हात हलवून पळायचो.

मी याला विनय समजत होतो. ते याला काय समजत होते ते डबा निघायच्या दिवशी कळलं.

दुपारी मी पाणी तपासलं. अमोनिया शून्य, त्यापासून होणारं नायट्राइटही शून्य. टाकी तयार. संध्याकाळच्या गाडीने डबा निघणार. आनंदात हात धुवायला गेलो आणि परत आलो तर रिसेप्शनमध्ये काकी. मागे रापणीवरचे तिघं. आणि काकींच्या हातात बादली, टाकीच्या काठावर टेकवलेली, उपडी.

"काकी, थांबा!"

"झाला," काकी म्हणाल्या.

पाण्यातून काहीतरी तपकिरी, ठिपक्यांचं सरळ दगडांच्या मागे घुसलं.

"हो तुझो वाटो," काकी म्हणाल्या. "रोज दोरी ओढतंस आणि वाटो टाकून जातंस. बरा दिसता काय ता? आज जाळा खडपाक घासून इला, त्यात ह्यो जिवंत गावलो. सगळे म्हणाले, त्या पोराच्या पेटयेत एक मासो नाय. सुंगटा कुजवीत बसता बिचारो. त्याका द्या."

मी वाकून दगडांमध्ये पाहिलं. अंधारातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. गोबरा. मालवणात गोबरो म्हणतात. मी रडायचाच बाकी होतो. गच्चीवर पळालो.

"सर, टाकीत गोबरा गेला."

"गोबरा म्हणजे?"

"ग्रूपर, सर."

"केवढा?"

"तळहाताएवढा."

"आणि तोंड?"

"सर, तोंडही जवळजवळ तेवढंच."

गोबरा तोंडात मावेल तो मासा गिळतो. दोन क्लाऊन म्हणजे त्याचा चहा-बिस्किट. "काढ तो," सर म्हणाले. "आत्ता काढ. डबा निघतोय."

मी जाळी घेऊन खाली आलो. जाळी आत घातली की गोबरा आणखी आत. त्याला काढायचं तर सगळी रचना उतरवायला हवी. दगड हलले की तळातला गाळ उसळणार, पाणी बिघडणार, आणि कोरल तर सकाळी पोचणार.

"काय करतंस?" काकींनी विचारलं. आवाज बदलला होता.

"काकी, याला बाहेर काढायला लागेल. दुसरे मासे येतायत."

"वाटो परत करतंस?"

रापणीवरचे तिघंही माझ्या हातातल्या जाळीकडे बघत होते. तेवढ्यात दिगूभाऊ आले. मला वाटलं, आता हे ओरडणार. उद्घाटन त्यांचं, पैसे त्यांचे, रंगीत मासे त्यांना हवे होते. काकींनी झालं ते सांगितलं. दिगूभाऊ टाकीसमोर वाकले, डोळे दिसले तसे मागे सरले.

"रापणीचो वाटो?" ते म्हणाले. "मग तो काय काढूचो नाय. वाटो परत केलो तर गावाचो अपमान."

म्हणजे पुण्याहून हुकूम, काढ. इथून हुकूम, काढायचा नाही. आणि गाडी सुटायची वेळ जवळ. मी टाकीसमोर खाली बसलो. घाबरलो की मला आधी नुसतं आकड्यांचं सुचतं, मग हळूहळू बाकीचं. सरांनी शिकवलेलं एकेक आठवत गेलो. गोबरा काय खातो? मासे, कोलंबी, खेकडे. कोरल खातो का? नाही. समुद्रातून थेट आलाय, पांढरे ठिपके आणू शकतो. ते कोरलला होतात का? नाही, माशांनाच होतात. त्याला ठिपके आले तर तांबं टाकता येईल का? कोरल असताना नाही. मग तो त्याच्या नशिबाने जगेल. म्हणजे कोरल आणि गोबरा एका टाकीत राहू शकतात. राहू शकत नाहीत ते क्लाऊन.

पुन्हा गच्ची.

"सर, डबा पाठवा. पण क्लाऊन काढून ठेवा."

"आणि उद्घाटनाला दाखवणार काय?"

"गोबरा."

"प्रमोद, शुद्धीवर आहेस का?"

"सर," मी पाण्याच्या टाकीला पाठ घट्ट टेकत म्हणालो, "साइटवर मी आहे. मी सांगतो तसं करा."

असं मी आयुष्यात कोणालाच म्हणालो नव्हतो. सरांनी फोन ठेवला. डबा येणार की नाही हे कळायला मार्ग नव्हता. रात्री काकींनी वाढलेलं अर्धं टाकून मी पुन्हा पाणी तपासायला गेलो.

डबा आला. आत कोरल होतं, क्लाऊन नव्हते. टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत मी कोरलला नव्या पाण्याची सवय लावली आणि दगडांवर बसवलं. प्रवासाने सगळं मिटलेलं. मश्रूम कोरल म्हणजे ओल्या चिंध्या, लेदर कोरल म्हणजे जुनी चप्पल. उघडायला त्यांना थोडे दिवस लागतातच. पण उद्घाटन थांबणार नव्हतं.

उद्घाटनाला सर स्वतः आले. माझ्याशी फक्त "पाणी कसंय?" एवढंच बोलले. गावकारांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. हॉटेलची भरभराट मागितली, पाहुण्यांची मागितली, आणि शेवटी म्हणाले, "ह्या पेटयेतल्या जिवाकव सांभाळ रे म्हाराजा!" सगळे एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग माणसं टाकीभोवती जमली. दिवे झकास, पाणी काचेसारखं, दगडांवर चिंध्या आणि चपला. गोबऱ्याचा पत्ता नाही. कोणीतरी म्हणालं, "दिगू, मासो सुट्टीर गेलो काय रे?" दिगूभाऊंच्या कपाळाला घाम. सर टाकीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

काकी गर्दीतून पुढे आल्या. "खंय आसा माझो गोबरो?"

मी त्यांच्याकडे एक सुंगट मागितलं. पिशवीत होतंच. सोलून, तुकडा चिमट्यात धरून दगडाजवळ नेला. क्षणभर काहीच नाही. मग तोफेतून सुटल्यासारखा गोबरा बाहेर आला, तुकडा गिळला, आणि मधोमध थांबून लोकांकडे बघायला लागला. अख्खा गाव ओरडला.

मग जे सुरू झालं ते जेवणाची पानं पडेपर्यंत थांबलं नाही. केवढा वाढेल, कुठल्या खडपातला, म्हणजे खडकातला, असेल, शिजवला तर सार चांगलं की सुकं तिखलं चांगलं. ज्यांनी आयुष्यभर गोबरा टोपलीतच पाहिला होता, त्यांच्याकडे तो पहिल्यांदाच डोळे रोखून बघत होता. काचेपुढून माणूस हलेना.

"बघ," काकी मला म्हणाल्या, "आता खरा सुंगट कामाक इला."

सर जवळ आले. "कोरल उघडेल?"

"उघडेल, सर."

उघडलं. चिंध्यांच्या तबकड्या झाल्या, चपलेला बोटं फुटली. गोबऱ्याला पांढरे ठिपके आले नाहीत. सरांनी पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकांना या टाकीचे फोटो दाखवताना सांगितलं, की एकच मासा ठेवायचा हा आमचा खास कन्सेप्ट आहे. मीही मान डोलावली. साइटचा माणूस झालो होतो.

गोबरा मावेना तेव्हा दिगूभाऊंनी त्याच्यासाठी मागच्या अंगणात सिमेंटची टाकी बांधली. मग कुठे रिसेप्शनला क्लाऊन आले. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. गावातले लोक सरळ मागे जातात.

अजूनही गिऱ्हाईक विचारतं, कोरल आधी की मासे आधी? मी सांगतो, कोरल आधी. आणि साइट किनाऱ्यावरची असेल, तर सोबत येणाऱ्या पोरांना वेगळं सांगतो. रापणीच्या दोरीला हात लावलात तर वाटा तिथेच घ्या, आणि संध्याकाळच्या आत खाऊन टाका.