कपाळ माझं, बाकी मावशी

तारामावशी पदर सारखा करून फोटोला बसायची, पण त्याआधी तिचा एक प्रश्न ठरलेला असे. "आज कोणाक बसवतंस रे? माका की ताईक?"

ताई म्हणजे माझी आई. मी तीन वर्षांचा असताना ती गेली आणि तिचा एकही फोटो नव्हता. मला तिचा चेहरा आठवत नसे, आणि हे सांगायचीही लाज वाटे. मुलुंडच्या आमच्या खोलीत मोरीला काळं कापड लावून मी फोटो धुवायला शिकलो, ते त्यासाठीच. मावशी थेट आईसारखी दिसते, असं सगळे म्हणत. कपाळ तेवढं आईचं माझ्याकडे आलंय म्हणत. म्हणून मी फिल्मच्या एकाच फ्रेमवर आधी मावशीला आणि मग स्वतःला घ्यायला लागलो, म्हणजे दोन चेहरे एकावर एक बसून आई उमटेल.

रविवारी ती घाटकोपरहून घावण्यांचा डबा घेऊन यायची. एरवी कुणाला बोलू न देणारी ही बाई कॅमेऱ्यासमोर मुकाट बसे. फोटो बिघडला की मलाच धीर द्यायची, ताईला लहानपणीसुद्धा एका जागी बसायची सवय नव्हती म्हणून.

शेवटी एक जमला. बाबांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. "हीच," म्हणाले. मग म्हणाले, "बहुतेक."

श्राद्धाला त्यांनी त्या फोटोला हार घातला. मावशी जिवंत समोर उभी! मी हार काढायला धावलो, तर तिने माझा हात धरला.

"रवांदे. तिका कधी गावतलो हार?"

आणि तिने स्वतःच्याच नाकाडोळ्यांना नमस्कार केला. मीही केला. कुणाला, ते कळलं नाही. तेव्हापासून आई आठवायला गेलो की तोच चेहरा येतो.

मावशी गेली तेव्हा तिची मुलगी शुभा फोटो मागायला आली. आम्ही सगळ्या निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या. मावशी एकटी अशी एकीतही नव्हती. मग शुभाचं लक्ष भिंतीवरच्या त्या हार घातलेल्या फोटोकडे गेलं.

"ही काय, इथे आहे माझी आई," ती म्हणाली.

ती माझी आहे, असं मी म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. मी फोटो उतरवून तिला दिला. दुसरी कॉपी काढता आली असती. पण एकच बाई दोन घरांत दोन नावांनी लावायची, हे काही मला जमेना. शुभा दाराशी पोचली आणि मला एकाच वेळी दोघी गेल्यासारखं रडू फुटलं. आई तिची गेली होती, आणि समजूत ती माझी काढत बसली.