गूळ-पाणी ते गूळ-पाणी

दाजी गेल्याचा आक्काचा फोन आला तेव्हा मी बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या घरी संध्याकाळचा चहा गाळत होतो. "आरं, गेलं रं..." एवढंच ती म्हणाली. मी पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. त्यात कोरडेपणा नव्हता. त्यांची एकुलती मुलगी स्नेहा, माझी भाची, त्या घटकेला जपानहून मुंबईकडं येणाऱ्या विमानात होती. वडिलांना भेटायलाच निघाली होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. आणि ती निपाणीच्या दारात कधी पोचेल, हा हिशेब इतकी वर्षं ज्यांनी केला, तेच आता नव्हते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निपाणीच्या हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले. निपाणीला रेल्वे नाही. गाडी धरायची तर कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागतं. अशा गावात बसून हा माणूस जगातल्या वेगवान गाड्यांची तुलना करायचा, म्हणून आम्ही थट्टा करायचो. मी म्हणायचो, "दाजी, आधी निपाणीला रूळ तरी येऊ देत." ते म्हणायचे, "पावणं, ज्याच्या रानात हीर न्हाय त्यालाच पाण्याची किंमत कळती."

हा नाद त्यांना स्नेहा फ्रान्सला शिकायला गेल्यावर लागला. ती लिओंहून पॅरिसला पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं मोठ्या हौसेनं गाडीचे फोटो पाठवले. दाजींनी ते पाहिले आणि विचारलं, "दारातनं कवा निघालतीस? आणि तिकडं त्यांच्या दारात कवा पोचलीस?" तिनं सांगितलं, गाडीला दोन तास लागले. "गाडीचं सोड गं. तुझं सांग." त्यांचं माप असं होतं. आमच्याकडं कुणी बाहेरून आलं की आधी हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या देतात, मग विचारपूस. दाजींच्या लेखी प्रवास तिथं संपायचा. निघायच्या घरचं पाणी पिऊन उंबरा ओलांडला की सुरू, आणि पोचलेल्या घरी गूळ-पाणी हातात पडलं की संपला. मधलं सगळं मोजायचं.

मी पडलो हिशेबी माणूस. एका कंपनीत लेखा विभागात नोकरी करतो, त्यामुळं मापात सरमिसळ झाली की मला चैन पडत नाही. मी संगणकावर रीतसर तक्ता केला होता. चीन ताशी साडेतीनशे किलोमीटर, फ्रान्स तीनशे वीस, जपानची टोकियोहून ओसाकाकडं जाणारी गाडी दोनशे पंच्याऐंशी. त्या हिशेबानं चीन पहिला. दिवाळीत मी तो कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि म्हणाले, "आकडं बरोबर हाईत. पण हे गाडीचं हाय, माणसाचं न्हाय."

"दाजी, कुणाचं घर स्टेशनापासून लांब असलं तर तो रेल्वेचा दोष कसा?"

"मग रेल्वे कुणासाठी काढली? स्टेशन मास्तरासाठी?"

स्वयंपाकघरातून आक्का ओरडली, "जेवून घ्या आधी. चीनला उद्या जावा!"

पण वाद सोडला तर त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. स्नेहाला कामानिमित्त जिथं जिथं जावं लागलं, तिथली वेळ ती त्यांना आमच्याकडच्या मुलींच्या बोलीत, 'मी निघालो', 'मी पोचलो' अशी कळवत गेली. चीनमध्ये गाडी सुसाट, पण नवं स्टेशन गावाबाहेर, एवढं मोठं की त्यात आमची अर्धी निपाणी मावावी. शिवाय सामानाची तपासणी, ओळखपत्र, रांग. स्पेनमध्ये गाडी झकास, पण तिथंही बॅगा यंत्रातून जायच्या. फ्रान्सची गाडी वेगाचा खास मार्ग संपला की साध्या रुळावर उतरते आणि जुन्या गावाच्या मधल्या स्टेशनात शिरते. हे दाजींना फार आवडलं होतं. "सासरी आलेल्या जावयागत हाय ती. भाईर कितीबी तोऱ्यात असंना, आत आली की चप्पल काढून येती." आणि जपानची गाडी, माझ्या तक्त्यात सगळ्यात खाली असलेली, दर थोड्या मिनिटांनी सुटायची. एक चुकली तर दुसरी. वाट बघण्यात वेळ जायचा नाही. दाजींच्या मापात ती पहिली आली.

पुढं स्नेहाला दोन ठिकाणी नोकऱ्या चालून आल्या. एक चीनमध्ये, एक जपानात नागोयाला. चीनमधली मोठी होती. दाजींनी सांगितलं, जपान. मी म्हटलं, "एवढा मोठा निर्णय गाडीवरनं घेता काय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "उद्या मला काय झालं तर पोरीला हितं पोचायला किती लागंल, ते बघाय नको?..." त्यानंतर त्यांच्या मापाशी मी वाद घातला नाही.

शेवटची भेट ते गेले त्याच दिवशी सकाळी झाली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा असं सांगितलं होतं. मी उशाशी बसलो होतो, तेवढ्यात स्नेहाचा फोन आला. ती नागोयाच्या फलाटावर होती. आक्कानं फोन त्यांच्या कानाला लावला.

"गाडी येळंत हाय?"

"एकदम वेळेत, आप्पा."

"मग ये. तांब्या भरून ठेवतो."

"तुम्ही उठू नका हं."

"उठतंय कोण? भरंल तुझी आई. ठेवतो म्हणायला माझं काय जातंय?"

हसताना त्यांना धाप लागली. आक्कानं खरंच तांब्या भरला, वाटीत गुळाचा खडा घातला आणि खिडकीत झाकून ठेवला. जरा बरं वाटतंय असं म्हणाले, म्हणून मी दुपारी बेळगावला परतलो... आणि संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्यानं निघालो.

मुंबईत उतरल्यावर स्नेहाला मीच फोनवर सांगितलं. कधी गेले ते तिनं विचारलं, मी वेळ सांगितली. मग म्हणाली, "मामा, तेव्हा मी गाडीत होतो का विमानात?" विमानात, मी म्हटलं. पुढं मुंबई ते निपाणी मोटार, त्यात हायवेच्या रुंदीकरणाची वळणं. ती उजाडता उजाडता पोचली. दारात माणसं होती. तिला पाहून आक्का सवयीनं उठली आणि खिडकीतल्या तांब्याला हात घातला. तिच्या थोरल्या जावेनं हळूच मनगट धरलं. सुतकाच्या घरात आलेल्याला गूळ-पाणी देत नाहीत. आक्कानं तांब्या परत ठेवला. स्नेहानं ते पाहिलं आणि तशीच आत बापाजवळ जाऊन बसली.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. मी ओट्यावर पान खात बसलो होतो. स्नेहा आतून आली, पायात चपला घातल्या, रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून वळली. उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली, "आई, मी आलो." आक्काला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती आत जाऊन तांब्या आणि गूळ घेऊन आली. स्नेहानं खडा तोंडात टाकला, वर घटाघटा पाणी प्यायली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, आता पोचलो. लिहून टाका."

मी लिहिलं आहे. त्या तक्त्यात दाजींच्या मापाचा एक रकाना मी आता जोडला आहे. त्यात नागोया ते निपाणी हा जगातल्या उत्तम गाडीनं सुरू झालेला प्रवास सगळ्यात लांबचा ठरतो, तेरा दिवसांचा. एरवी असा आकडा मी पुन्हा तपासला असता. हा तपासायचा नाही.

स्नेहा परत गेली. परवा रविवारी मी निपाणीला गेलो. खिडकीत तोच तांब्या, आता घासून लख्ख केलेला. आक्कानं गूळ दिला, पाणी दिलं, समोर बसली. दाजींच्या रिकाम्या खुर्चीकडं बघायचं मी टाळत होतो. मी तांब्या खाली ठेवला तेव्हा तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि विचारलं, "दारातनं कवा निघालतास रं?"