लाल कातळावरचा वरवंटा

बातमी दोन वेगळ्या ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय पानावर लावायची नाही, या शिस्तीत माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. सांगलीच्या एका दैनिकात मी आधी वार्ताहर होते, नंतर उपसंपादक. माहेरी देव्हाऱ्यात बिरोबा होता, वर्षातून एकदा आरेवाडीची जत्रा होती, आणि मी दोन्हींपासून अंतर राखून होते. आबा, म्हणजे माझे वडील, कपाळाला भंडारा लावायला आले की मी मान मागे घेत असे. ते हात खाली घेत. आई म्हणायची, ‘‘लावून घे की गं, हळदच तर हाय.’’ पुढे जे लिहिते आहे ते दोन ठिकाणांहून पक्कं झालेलं नाही. घडलं तसं, क्रमाने सांगते.

आमचं मूळ घर वडूजजवळचं. माझ्या जन्माआधी आई-आबा मेंढरं घेऊन फिरत. दिवाळी झाली की लोणंदवरून घाट उतरून कोकणात जायचं, तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आत परत यायचं. अशाच एका वाटेवर माझा थोरला भाऊ जन्मला. त्याचं बारसं एका झाडाखाली झालं. बारशात पाळण्याखालून-वरून फिरवायला वरवंटा लागतो. बाळासारखं कुंची घालून त्याला बायका या हातातून त्या हातात देतात. आईने मसाला वाटायचा आपलाच वरवंटा त्यासाठी घेतला होता. भावाचं नाव बिरू ठेवलं. नऊ महिन्यांचा असताना समुद्राकाठच्या एका मुक्कामी तो तापाने गेला. आबांनी त्याला तिथेच माळावर पुरलं आणि खूण म्हणून आईने तोच वरवंटा उभा रोवला. पुढच्या वर्षी त्यांनी मेंढरं विकली, थोडी जमीन केली, आणि ते पुन्हा कधी कोकणात गेले नाहीत. आमच्या घरातल्या पाट्याला तेव्हापासून जोडीचा वरवंटा नव्हता. येरळेच्या पात्रातला एक गोटा आई वापरायची. तो हातात नीट बसत नसे. दुसरा वरवंटा आणू म्हटलं तर ती विषय बदलायची.

गेल्या वर्षी आई गेली. शेवटच्या आठवड्यात ती एकच गोष्ट सांगत होती, ‘‘त्याच्या दगडाला भंडारा लावून या. लय दिस झालं, कुणी गेलं न्हाई त्येच्याकडं.’’ आबांनी हो म्हटलं. त्यानंतर चार महिन्यांतच त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. मी त्यांना सांगलीत, विश्रामबागेत माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. ती जागा ओळखू शकणारा माणूस आता जगात एकच होता आणि त्याची दृष्टी जात होती.

मी आबांना गावाचं नाव विचारलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मेंढका जागा गावाच्या नावाने लक्षात ठेवत नाही. पाणी कुठे, वारा कुठून, रान कुणाचं, यावर त्याचा नकाशा असतो. ‘‘लाल कातळाचा माळ,’’ आबा म्हणाले. ‘‘तितनं दर्या दिसतो, पर ऐकू येत न्हाई.’’ श्रीवर्धनची बाजू एवढं त्यांना आठवत होतं. मी श्रीवर्धनमध्ये एका माणसाची गाडी दिवसभरासाठी ठरवली. सुधाकरराव एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले होते. आता स्वतःच्या गाडीतून पाहुण्यांना किनारा दाखवत आणि वाटेत माहितीही सांगत. फोनवर मी त्यांना म्हटलं, ‘‘वडिलांना समुद्र दाखवायचा आहे.’’ पन्नासएक वर्षांपूर्वीचा एक दगड शोधायचा आहे, हे अनोळखी माणसाला सांगायची मला लाज वाटली. ती माझी चूक होती.

माघ संपत आला होता. आम्ही आदल्या दिवशी श्रीवर्धनला जाऊन राहिलो आणि सकाळी आठला निघालो. सुधाकररावांनी आबांना समुद्राच्या बाजूची खिडकी दिली. त्यांनी हरिहरेश्वर दाखवलं, खडकातली प्रदक्षिणेची वाट दाखवली, मग किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे गाडी घेतली. डावीकडे रस्त्याला लागून समुद्र होता. आबा मात्र पूर्ण वळून उजवीकडे डोंगराकडे पाहत होते.

‘‘आजोबा, समुद्र डावीकडे आहे!’’ सुधाकरराव म्हणाले.

‘‘ठाव हाय,’’ आबा म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

तिसऱ्यांदा त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. सुधाकररावांनी इंजिन बंद केलं. ‘‘ताई, हे सकाळी सांगायचं होतं ना. मी इकडे तुम्हाला डॉल्फिन कुठे दिसतात ते सांगत बसलोय!’’ मग त्यांनी दिवसाचा कार्यक्रम गुंडाळून ठेवला आणि आम्हाला गावागावांत नेलं. तीन ठिकाणी त्यांनी म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर बोलावून विचारलं. लाल कातळाचा माळ म्हटल्यावर प्रत्येकाने हात वर करून डोंगराची अख्खी रांग दाखवली. आबांची अडचण मला तिथे कळली. ते नेहमी पूर्वेकडून, डोंगर उतरून, पायी आले होते. ती जागा त्यांनी वरून पाहिलेली होती. मी त्यांना खालून, गाडीतून, उलट्या दिशेने ती ओळखायला सांगत होते. त्यात डोळ्यांपुढे धुकं.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही एका वाळूच्या किनाऱ्यावर थांबलो. आबा थकले होते. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. वाळूत बसून म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे आता. देवाच्या मनात न्हाई. आपुन कोण शोधणारं?’’ त्यांनी कंबरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली, पाण्याच्या कडेपर्यंत गेले आणि मूठभर भंडारा समुद्राकडे उधळला. वारा समुद्रावरून येत होता. सगळा भंडारा मागे उभ्या असलेल्या माझ्या अंगावर आला. खांदा, ओढणी, केस पिवळे झाले. मी झटकू लागले तेवढा तो जास्त पसरला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटत होतं. शोध संपला, आता घरी जाता येईल. आणि तसं वाटतंय याची शरमही वाटत होती. आईला काय सांगायचं, हा प्रश्न ती नसतानाही माझ्यापुढे उभा होता.

गाडी निघाली. आबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले. पाचेक मिनिटांत एका वळणावर गाडी थांबली. रस्ताभर मेंढरं होती. सुधाकररावांनी सवयीने हॉर्न दिला. कळपाच्या पुढून एक बाई काठी उगारत आली. चाळिशीची, नेसणं गुडघ्याच्या वर खोचलेलं, मागे भांड्यांनी लादलेलं घोडं.

‘‘हार्न कशाला वाजिवतोयस? बिथरली म्हंजी दर्यात जात्याली. तू काढणार हायस का पवून?’’

सुधाकररावांनी हात जोडले. ती हसली, मेंढरं बाजूला घेत माझ्या खिडकीशी आली आणि थबकली. तिची नजर माझ्या खांद्यावर होती.

‘‘ह्यो भंडारा कुठला वो बाई? खंडोबाचा का बिरोबाचा?’’

‘‘बिरोबाचा,’’ मी म्हटलं. एरवी मी हे उत्तर इतक्या पटकन दिलं नसतं.

‘‘मंग आपल्यातलंच की तुमी! कुठलं गाव?’’

मी वडूज म्हटलं. मागून आबांचा आवाज आला, ‘‘मेंढरं कुठली गं, पोरी?’’ ते उठून बसले होते. मेंढरं माणातली होती, म्हसवडच्या बाजूची. बाईचं नाव हिराबाई. आबांनी तिला विचारलं की आज तळ कुठे. तिने काठीने डोंगराकडे दाखवलं. ‘‘वर माळाला. आज पयला मुक्काम. आमची बाकीची माणसं फुडं गेल्यात. आदी बाळाच्या दगडाला भंडारा लावायचा, मंग चूल मांडायची.’’

 मी, बहुधा मुलाखत घेतानाच्या सवयीनेच, विचारलं, ‘‘कुणाचा दगड?’’

‘‘ते कुणाला ठाव न्हाई. माझ्या सासूची सासू लावायची, म्हणून आमी लावतो. पयल्यांदा तान्ह्या पोराच्या आईनंच लावायचा, अशी रीत हाय. लेकराला ताप आला तर तितला भंडारा कपाळाला लावायचा. उतरतो म्हणत्यात. ह्या वर्साला माझी सून लेकुरवाळी हाय.’’

सुधाकररावांनी न विचारता गाडी कडेला लावली.

वाट चढाची होती. आबांचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा हिराबाईच्या काठीला. चढ संपला आणि पायाखाली लाल जांभा लागला. मागे वळून पाहिलं तर खाली सगळा समुद्र पसरलेला होता. मी थांबून कान दिला. आवाज येत नव्हता.

माळाच्या टोकाला एका झुडपाच्या आडोशाला तो उभा होता. वीतभर उंचीचा दगड, हळदीच्या थरांनी जाडसर झालेला. बुडाशी थर खरवडला गेला होता तिथे तो काळा दिसत होता. त्या माळावर मला दुसरा काळा दगड दिसला नाही, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. हिराबाईची सून, विशीतली मुलगी, कडेवरच्या बाळासकट पुढे झाली. तिने दगडाला भंडारा लावला, मग बाळाच्या कपाळाला. मग ती बाजूला सरली.

आबा खाली बसले. त्यांनी डोळे मिटले होते. इतके दिवस आम्ही ज्या नजरेसाठी धावपळ केली ती त्यांनी वापरलीच नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दगड धरला आणि अंगठा एका बाजूवरून हळूहळू खाली नेला. एक बाजू गोल होती, एक झिजून सपाट झालेली. ‘‘ती डावरी व्हती,’’ ते हळूच म्हणाले. आई डावखुरी होती. वाटताना तिचा भार एकाच अंगाला पडायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. नंतर मीही हात लावून पाहिला. सपाट बाजू माझ्या तळव्यात अचूक बसली.

आबांनी पिशवीत उरलेला भंडारा लावला. डोकं टेकवलं. हिराबाई वाट पाहत उभी होती. ‘‘आजा, तुमास्नी ठाव हाय का हे कुणाचं?’’ तिने विचारलं. मी तोंड उघडलं होतं. सगळी हकीकत माझ्याकडे होती, नाव, कारण, सगळं. आबांनी माझा हात दाबला.

‘‘चांगला राखलाय गं,’’ ते तिला म्हणाले. ‘‘लय चांगला राखलाय.’’

ती म्हणाली, ‘‘आवं, आमी कसला राखतोय? त्योच आमाला राखतोय.’’

उतरताना मी त्यांना विचारलं, का सांगितलं नाहीत? ते पायाखालची वाट चाचपत चार पावलं उतरले. मग म्हणाले, ‘‘तुझ्या आयेला वाटायचं, त्यो एकटा पडला आसंल. पन्नास वर्सं रडली. आन् हितं दर वर्साला नवी आय येती त्येच्याकडं. आता त्यो माझा एकट्याचा ऱ्हायला न्हाई. मी कोण सांगणार?’’

सुधाकरराव गाडीपाशी उभे होते. त्यांना काय झालं ते सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘बावीस वर्षं या रस्त्यावर आहे. वर काय आहे बघायला कधी चढलो नाही.’’ त्यांनी आबांना धरून गाडीत बसवलं, या वेळी डोंगराच्या बाजूला.

मी पुष्कळदा हिशेब मांडून पाहिला आहे. मेंढरं दरवर्षी त्या दिवसांत तिथे येतात, आम्ही त्या दिवसांत तिथे गेलो, रस्ता एकच आहे. प्रत्येक गोष्टीला कारण देता येतं. फक्त भंडारा माझ्या अंगावर आला नसता तर हिराबाई खिडकीशी थांबली नसती, आणि आबांनी शोध सोडून दिला नसता तर त्यांनी तो उधळलाच नसता. जोवर आम्ही शोधत होतो तोवर काही सापडलं नाही. याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही. पण त्या माळाचं नाव मी इथे देत नाही. नोकरीत असताना हाती असलेला तपशील मी कधी गाळला नव्हता.

आबांना आता दिसत नाही. ते वडूजलाच राहतात, तिथली वाट त्यांच्या पायांना ठाऊक आहे. यंदा दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा सकाळीच मेंढरांचा एक कळप रस्त्याने निघाला होता. आबा ओसरीवरून उठले, आवाजाच्या दिशेने रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि पुढच्या मेंढक्याला थांबवून त्याच्या हातात भंडाऱ्याची एक पुडी दिली.

‘‘कोकणात वाटंवर बाळाचा दगड लागंल,’’ ते म्हणाले. ‘‘तितं लाव.’’

‘‘कुणाच्या नावानं, बाबा?’’ त्याने विचारलं.

‘‘तुज्या लेकराच्या,’’ आबा म्हणाले.

मेंढरं पुढे गेली. आबांच्या बोटांना थोडी हळद राहिली होती. ते माझ्याकडे वळले, मी कुठे आहे याचा अंदाज घेत त्यांनी हात पुढे केला. मी कपाळ पुढे केलं.