गिअरवाली गाडी

माझ्या नवऱ्याला स्पोर्ट्स कार घ्यायची होती आणि ती बेस मॉडेलचीच घ्यायची होती. यावरून आम्ही जेवढे भांडलो तेवढे संसारात दुसऱ्या कशावरूनही भांडलो नाही. मूल झालं नाही, त्यावरूनसुद्धा नाही.

आम्ही दोघं लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. त्याने त्यांच्या खोलीत, त्याच्या बाबांच्या डोळ्यांसमोर येईल अशा भिंतीवर एका बुटक्या लाल गाडीचं चित्र चिकटवलं होतं. बाबा गिरणीत. ते म्हणायचे, "ही आपल्या बोळात शिरायची नाही रे." हा म्हणायचा, "मग बोळ रुंद करू." पुढे चाळ पाडून टॉवर झाला, बोळ गेला आणि बाबाही गेले. गाडी तेवढी राहिली.

पन्नाशी उलटल्यावर त्याची डावी चप्पल उजवीपेक्षा लवकर झिजायला लागली. पाऊल घासलं जायचं. परळला तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला, ज्यात शरीराचे स्नायू एकेक करून काम सोडतात आणि औषधाने ते थांबत नाही. आम्ही टॅक्सीत बसलो. भोईवाड्याचा सिग्नल लागला. मग तो म्हणाला, "आता गाडी घेऊन टाकू." मला रडू आलं आणि रागही आला. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो, ह्याला गाडी सुचली.

गणपतीच्या आधी आम्ही शोरूममध्ये गेलो. त्या गाडीची दोन मॉडेलं होती. टॉपमध्ये इंजिन मोठं, गिअर आपोआप पडणार, सीट चामड्याच्या. बेसमध्ये साध्या कापडी सीट आणि हाताने टाकायचा गिअर. सेल्समन टॉपची आरती ओवाळत होता. "सर, टॉपमध्ये सीट गरम होते."

"मे महिन्यात आमच्या घरातलं स्टूलसुद्धा गरम होतं," नवरा म्हणाला. "फुकटात."

बेस मॉडेल आता कुणी घेत नाही, म्हणून तयार अशी एकच गाडी होती. ट्रायलसाठी तीच दिली, ती त्याने स्वतः चालवली. मी बाजूला. डावा पाय क्लचवर थोडा उशिरा उतरत होता, पण उतरत होता. परत आलो तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा. मी म्हटलं, "टॉप घे. तिला क्लच नाही, उजवा पाय पुरतो. जास्त दिवस चालवशील." तो म्हणाला, "टॉपमध्ये गाडी चालते, आपण चालवत नाही. नवरदेवासारखं नुसतं बसायचं काय?"

मी त्याच दिवशी हरले होते. बेस तर बेस, पण लगेच घे, एवढंच माझं म्हणणं होतं. गणपतीच्या गडबडीत ते राहिलं, आणि मध्ये आला पितृपक्ष.

सासूबाई म्हणाल्या, "पितरांच्या दिवसात नवी वस्तू घराक येवची नाय." त्या म्हणणारच. त्यांचं मी मनावर घेतलं नाही, कारण माझा नवरा असलं काही मानणारा नव्हता. अमावास्येला जन्मलेला, शनिवारी दाढी करणारा माणूस. पण या वेळी तोच अडून बसला. बाबांची तिथी त्याच पंधरवड्यात होती. "बाबांचं पान वाढल्याशिवाय नको," म्हणाला. "ते गाडी बघायला थांबले नाहीत, आता मी त्यांच्यासाठी थांबतो."

तिथीला वडे झाले, खीर झाली, भोपळ्याची भाजी झाली. पान गच्चीवर ठेवलं. कावळा पाण्याच्या टाकीवर बसून राहिला, खाली येईना. हा काठीवर भार देऊन उभा होता. "बाबा, बेसच घेतोय," असं त्याने हात जोडून मोठ्याने सांगितलं आणि कावळा वड्यावर उतरला. आम्ही पोट धरून हसलो. सासूबाईंना ते आवडलं नाही.

त्याच पंधरवड्यात त्याचा डावा पाय गेला. आधी काठी, मग वॉकर. आजही कुणी मुहूर्ताचं बोलायला लागलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. पितरांना कळत असेल तर त्यांनी त्याला सांगायला हवं होतं, की पोरा, आमचं राहू दे, तू आधी गाडी घे. बाबांनी तर नक्कीच सांगितलं असतं.

दसऱ्याला पुन्हा शोरूम. तिथल्या दोघांनी धरून त्याला गाडीत बसवला. त्याने दोन्ही हातांनी मांडी उचलून डावा पाय क्लचवर ठेवला. पाय तिथे नुसता पडून राहिला. त्याने खूप प्रयत्न केला. काचेपलीकडे एक कुटुंब त्यांच्या नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत होतं, पेढे वाटत होतं, आणि मी माझ्या नवऱ्याच्या पायाकडे बघत होते.

"आता टॉपच घ्यायची," मी म्हटलं.

"गिअरवालीच."

"चालवणार कोण?"

"तू."

मी चिडले. लग्नाआधी दादरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअरची गाडी शिकले, त्यानंतर तिला हात लावला नाही. आमची जुनी गाडीसुद्धा ऑटोमॅटिक. सगळ्यांसमोर म्हटलं, "स्वतःला जमत नाही म्हणून माझा जीव घेतोस काय? मी चालवायची तर मला सोपी पाहिजे."

तो शांतपणे म्हणाला, "अगं, सोपीत मला काय काम? उजवा पाय पण जाणार आहे. हात आहेत अजून. क्लच तू दाब, गिअर मी टाकीन."

सेल्समन खाली बघायला लागला. मी पदराने डोळे पुसले आणि बेस मॉडेलची चावी घेतली. बाहेर उभ्या आमच्या जुन्या गाडीवरचं झेंडूचं तोरण सोडवून मी नवीवर बांधलं.

मग आमचे रविवार सुरू झाले. कॉटन ग्रीनकडे गोदामांच्या मधले रस्ते रविवारी सकाळी ओस असतात. मी स्टिअरिंगवर, तो डाव्या सीटवर, त्याचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर. मी क्लच दाबून म्हणायची, "दाबला." तो गिअर टाकून म्हणायचा, "सोड." सुरुवातीला गाडी अशा उड्या मारायची की गोदामाचा वॉचमन खुर्ची उचलून लांब जाऊन बसला. नवरा मला शिव्या घालायचा, मी त्याला. "लवकर दाब ना गं." "तू आधी टाकलास." चाळीत लगोरी खेळताना असेच भांडायचो.

हळूहळू जमलं. मग "दाबला" म्हणायचीही गरज उरली नाही. इंजिनाचा आवाज चढला की माझा पाय आणि त्याचा हात बरोबरच हलायचे. एका सकाळी आम्ही गिरगाव चौपाटीपर्यंत गेलो. समुद्राकडचा रस्ता मोकळा मिळाला, चौथा गिअर पडला आणि तो मोठ्याने हसला. मी त्याला विचारलं, "चालवल्यासारखं वाटतं का रे?" त्याने दांड्यावरून हात फिरवला. "जवळजवळ," म्हणाला.

तो शब्द मला तेव्हा लागला आणि अजून लागतो. त्याने थाप मारली असती तरी चाललं असतं.

होळीच्या सुमारास बोटं गेली. दांडा मुठीत राहीना. मग तो हात दांड्यावर नुसता ठेवायचा आणि मी माझा डावा हात त्याच्या हातावर ठेवून गिअर टाकायची. पुढे त्याला घरातून खाली आणणंही जमेना, तेव्हा रविवार थांबले. श्रावणात तो गेला.

दहाव्याला मी बाणगंगेवर गेले. बायकांनी यायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. मी ऐकलं नाही. पिंड ठेवला. कावळे भरपूर होते, कठड्यावर, झाडावर, पण एकही शिवेना. अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून कुणीतरी ती पुरी करायचं कबूल करतं. दीर पुढे झाला. "आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. "वहिनीला काही कमी पडू देणार नाही." नाही. "गाडी विकणार नाही." तेही नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी काही बोलेन म्हणून.

मला माहीत होतं काय राहिलंय. घेतल्यावर त्याला त्याची गाडी एकदा स्वतः चालवायची होती, दोन्ही पायांनी. हे मी कुठल्या तोंडाने कबूल करणार होते? मी एक पाऊल मागे झाले. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

आता दीरच म्हणतो, "वहिनी, काढून टाका. टॉप असती तर कधीच गिऱ्हाईक मिळालं असतं." मी त्याला चहा देते.

रविवारी सकाळी मी एकटी कॉटन ग्रीनला जाते. वॉचमन आता लांब जात नाही, मान हलवतो. गाडी सुरू करते, आवाज चढतो, क्लच दाबते. "दाबला," म्हणते. मग थोडी थांबते, इंजिन ओरडत राहतं, आणि डावा हात नेऊन गिअर मीच टाकते.