दत्ताराम परबाचा डुकर

लालबागच्या त्या चाळीत दत्ताराम परबाला सगळे शिकारी म्हणत. त्याने आयुष्यात मारलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे मोरीतली घूस, आणि तीही त्याच्या बायकोने, बकुळाने, आधी धुण्याच्या धोपटण्याने अर्धी करून ठेवली होती. पण रानात जातो तो शिकारी, मारतो तो नुसता नशीबवान, असं दत्तारामचं मत होतं.

दरवर्षी मे महिन्यात गिरणीतून रजा काढून तो सावंतवाडीकडच्या आपल्या गावी जाई. गावकरी डुकराच्या पारधीला निघाले की ठासणीची एकुलती एक बंदूक मोठ्या आदराने त्याच्या हातात देत. मुंबईकर होता, येताना सगळ्यांना चहापूड आणि विड्यांची बंडलं आणायचा. एवढा मान त्याला मिळायलाच हवा होता. हाकारे ओरडून रान उठवत, कुत्री सुटत, डुकर नेमका दत्तारामच्या समोर येई आणि दत्ताराम बार उडवी. मग डुकर आपल्या कामाला निघून जाई, आणि दत्ताराम मुंबईला येऊन ते सगळं लिहून काढी.

लिही मात्र झकास. पाळी संपवून आला की जेवणाआधी खिडकीशी बसे. कागद म्हणजे चळवळीच्या सभांची उरलेली हँडबिलं. एका बाजूला 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', दुसऱ्या बाजूला डुकर. गेल्या वर्षी वाचताना एक पान उलटं आलं. "डुकराने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि" इथपर्यंत वाचून तो पुढे त्याच सुरात "झालाच पाहिजे!" म्हणाला, आणि अख्ख्या चाळीने त्याच्यामागून तीनदा घोषणा दिली.

हे वाचन गणपतीत, आरतीनंतर व्हायचं. ज्यांना गणपतीला गावी जायची रजा मिळत नसे, अशी सगळी माणसं चौकात बसत. दत्तारामची स्वतःची रजा मे महिन्यात संपलेली असल्यामुळे तोही त्यातलाच. तो "हाकारा सुरू झाला" असं वाचायचा, आणि ऐकणारे खरोखरच हाकारा घालू लागायचे. हो-हो-हो-हो! डबे वाजत, कोणी कुत्रा होऊन भुंके. तेवढी पाच-दहा मिनिटं लालबागची चाळ गावचं रान होऊन जाई. दत्तारामचं अख्खं वर्ष त्या पाच-दहा मिनिटांवर निघायचं. गिरणीत तो कापड विणायच्या साच्यावरचा एक माणूस होता. चौकात मात्र लेखक होता.

त्या वर्षी उत्सव समितीचे अध्यक्ष बाबुराव त्याला जिन्यात गाठून म्हणाले, "दत्ताराम, यंदा डुकर मेला पाहिजे."

बाबुराव सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते, आणि तेव्हापासून जिन्यातसुद्धा ट्रकवर उभं राहिल्यासारखे बोलत.

"पण बाबुराव, तो मेला नाही ना."

"आपण मोर्चे काढतो, लाठ्या खातो, अजून राज्य मिळत नाही. मिळतं का?"

"नाही."

"आणि संध्याकाळी करमणुकीला बसावं तर तिथेही डुकर सुटतो! तीन वर्षं झाली. माणसं खचतात रे! जनतेला एक तरी विजय दे."

"मी डोळ्यांनी पाहिलंय ते लिहितो, बाबुराव."

"मग यंदा डोळे मिटून लिही. नाही जमलं तर तसं सांग. प्रभादेवीचा एक जादूगार तयार आहे. तो टोपीतून कबूतर काढतो, आणि काढायचं म्हटलं की कबूतर निघतं."

दत्ताराम खोलीत आला तो तोंड पाडूनच. बकुळा मासे साफ करत होती. गणपती बसायच्या आधीचे शेवटचे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मारा की मग. कागदावरच तर मारायचाय."

"तुला कळत नाही. मी तो डुकर ओळखतो."

"मला ओळखता तसा?"

"तो समोर उभा राहतो ना, तेव्हा कान कसा हलवतो ते मी लिहिलंय. कान हलवणाऱ्याला आता मारू कसा?"

"मग जादूगाराला बोलवू दे त्यांना," बकुळा म्हणाली. "कबूतर तरी दिसेल. तुमचा डुकर कोणी पाहिलाय?"

हे मात्र दत्तारामला लागलं. त्याने रात्रीचं जेवण अर्ध्यावर टाकलं आणि हँडबिलाच्या पाठीवर डुकराला मारलं. एका ओळीत. दुसरी ओळ लिहायचा धीर त्याला झाला नाही.

वाचनाच्या संध्याकाळी चौक भरला. पुढच्या बाकड्यावर बाबुराव. गिरणीकामगारांची खाणावळ चालवणाऱ्या आनंदीबाई हात पुसत येऊन खांबाला टेकल्या. आणि यंदा एक नवा श्रोता होता, दत्तारामच्याच गावचा भिवाआजो. डोळ्यांतला मोतीबिंदू काढायला तो पुतण्याकडे आला होता. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. गावात पारध झाली की मांसाचे वाटे घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या भिवाआजोच्या घराकडे. बंदूकवाल्याला डोकं आणि मागचा पाय, देवाचा एक वाटा, हाकारा घातलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा, कुत्र्यांनाही वाटा. आणि वाटे घालताना एखादा वाटसरू तिथे आला, तर त्यालाही रिकाम्या हाताने धाडायचं नाही.

दत्ताराम वाचू लागला. रान आलं, करवंदीच्या जाळ्या आल्या, दव आलं. हाकारा आला तशी चाळ उठली. हो-हो-हो-हो! तिसऱ्या मजल्यावरून परात वाजली. भिवाआजोने तर असा काही हाकारा घातला की हिंदमाता टॉकीजपर्यंत कुत्री भुंकली असतील. मागून कोणीतरी ओरडलं, "मेलाच पाहिजे!" आणि चौकाने ते उचललं, "मेलाच पाहिजे! मेलाच पाहिजे!"

दत्तारामने बकुळाकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचलं, "मी बार उडवला. सगळीकडे धूर झाला. आणि डुकर पडला."

चौकात एकच जल्लोष. टोप्या उडाल्या. बाबुराव उठून जनतेला हात करू लागले, जणू बार त्यांनीच काढला होता.

आवाज जरा खाली येतो न येतो तोच भिवाआजो काठी टेकत उभा राहिला.

"डुकर पडलो ना? मगे वाटे खंय घालूचे?"

लोक हसले. भिवाआजो हसला नाही.

"हसतास कित्याक? हाकारो घातलास ना सगळ्यांनी? मगे वाटो नको?"

"बरोबर आहे!" तळमजल्यावरचा जगन म्हणाला. "मी सुरुवातीपासून ओरडतोय. माझा वाटा आधी."

"तू? तू विडी ओढत होतास! परात मी वाजवली!" तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

"वर राहून हाकारा होतो काय? हाकारा रानात उतरून घालायचा!"

"मी कुत्रा झालो होतो, माझं काय?"

"कुत्र्याचो वाटो आसा," भिवाआजोने निर्वाळा दिला.

बाबुराव म्हणाले की अध्यक्ष या नात्याने मागचा पाय समितीकडे जमा व्हावा. मग तर विचारूच नका. समितीत कोण आहे आणि कोण नाही यावरून तीन माणसं उठून उभी राहिली. एकाने शेजारच्याची टोपी उडवली. अख्खा महाराष्ट्र एक करायला निघालेली चाळ एका डुकरावरून फुटायच्या बेताला आली.

तेवढ्यात आनंदीबाईंनी खांब सोडला.

"अरे मुडद्यांनो! पुढं गणपती बसलाय, आणि त्याच्यासमोर डुकराचे वाटे घालताय? खाणावळीत मी लसूण बंद केलीय, आणि तुम्ही पाय मागताय?"

सगळ्यांनी वळून गणपतीकडे पाहिलं. गणपतीत घरी बांगडा न शिजवणारी ही माणसं. देवासमोर अख्खा डुकर पाडताना कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पुढच्या काहींनी गुपचूप कान पकडले.

बाबुराव खाली वाकून दत्तारामच्या कानात म्हणाले, "उठव त्याला."

"कोणाला?"

"डुकराला! जिवंत कर लवकर."

"पण बाबुराव, जनतेला विजय..."

"विजय दिवाळीनंतर बघू. देवासमोर मढं नको. सोड त्याला, तुझ्या पाया पडतो."

दत्तारामने हातातलं शेवटचं हँडबिल उलटसुलट केलं. एका बाजूला घोषणा, दुसऱ्या बाजूला तेवढी एक ओळ. पुढे काहीच नव्हतं. मग त्याने ते घडी करून खिशात घातलं आणि कागदाशिवाय सुरू केलं. तीन महिन्यांपूर्वी जसं घडलं होतं, अगदी तसंच.

"डुकर पडला असं मला वाटलं. ठासणीच्या बंदुकीचा धूर तुम्हाला ठाऊक आहे. तो निवळला तेव्हा बघतो तर डुकर उभा. कान हलवतोय. आणि मी खाली. बंदुकीच्या धक्क्याने मीच करवंदीच्या जाळीत उताणा पडलो होतो. डुकराने माझ्याकडे बघितलं. फार वाईट नजरेने नाही. आपण पाहुण्याकडे बघतो तसं. आणि गेला."

मग तिसऱ्या मजल्यावर कोणाला तरी हसू फुटलं, आणि सगळा चौक हसत सुटला. बकुळा खांबाला धरून हसत होती. "म्हणून काटे!" ती म्हणाली. "आठवडाभर पाठीतले काटे काढले मी, आणि मला म्हणाले एसटीच्या सीटचे!"

भिवाआजो मात्र अजून काठीवर उभाच.

"मगे पडलो तो तू?"

"होय आजो."

"पडलो त्याचे वाटे घालूचे लागतत. रीत आसा. बकुळा, तुका चलात?"

"घाला की," बकुळा म्हणाली. "डोकं मात्र कोणाला देऊ नका, त्यात नुसती डुकरं आहेत."

शेवटी वाटे पडलेच. आरतीच्या नारळाची दोन शकलं झाली होती. आनंदीबाईंनी कोयता दिला, आणि भिवाआजोने एका डोळ्याने, बोटांनी चाचपत, सारखे तुकडे घातले. देवाचा, हाकाऱ्यांचा, परातवाल्याचा, कुत्रा झालेल्याचा. रस्त्यावरून जाणारा कोणी अनोळखी माणूस दंगा ऐकून दारात डोकावला, त्यालाही. बाबुरावांना सगळ्यांएवढाच.

डोळे असलेली शेंडीकडची वाटी त्याने अख्खी बाजूला ठेवली होती. ती उचलून त्याने दत्तारामच्या हातात दिली.

"बंदूकवाल्याचो मान," तो म्हणाला. "आनी पुढच्या वर्षी डुकराक मारशीत, तर बघ."