अक्कांची आठ गाणी

धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अक्कांची ओळख आधी आवाजाने व्हायची. भरदार, किंचित घोगरा आवाज. ट्रंक कॉल मागणारा गावाकडचा माणूस फोनवर बावरला, की त्या ऑफिसची मराठी सोडून सरळ अहिराणीत शिरायच्या. "बोल रे भाऊ, मी शे ना आठे." 'मी आहे ना इथे' एवढं आपल्या बोलीत ऐकून पलीकडचा माणूस लगेच मोकळा व्हायचा. साहेबांनी दोनदा समज दिली. अक्का "हो साहेब" म्हणाल्या आणि पुढच्याच कॉलला पुन्हा अहिराणी.

अक्का शिरपूरजवळच्या खेड्यातल्या. गाणी स्वतः लिहायच्या, चालीही स्वतःच लावायच्या. मी शेजारच्या स्विचबोर्डवर बसायचो आणि पेटी वाजवायचो, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला जोडीला घेतलं. त्यांचा एक नियम होता. फोनवर कानावर पडलेलं काहीही गाण्यात आणायचं नाही. एकदा एका जोडप्याचं गमतीदार भांडण मीच सुचवलं, तर म्हणाल्या, "ते लोकेसनं शे, आपलं नही."

नव्वदच्या आसपास आठ गाणी जमली आणि आम्ही नाशिकच्या एका स्टुडिओत कॅसेट करायला गेलो. रेकॉर्डिंग करणारा माणूस चांगला होता. पहिलं गाणं ऐकून म्हणाला, "बाई, सगळं छान आहे. फक्त 'शे'च्या जागी 'आहे' करा, कॅसेट पुण्यापर्यंत जाईल." अक्कांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "दादा, 'शे' काढा तं मंग गानामा मी कोठे ऱ्हासू?" त्याने माइक पुढे सरकवला.

कॅसेट निघाली. धुळ्याच्या एका दैनिकाने अक्कांना 'खानदेशची कोकिळा' केलं. मी पेढे घेऊन गेलो तर अक्का वैतागलेल्या. "त्यानी कॅसेट आयकीच नही. आयकी असती तं माले कोकिळा म्हनता का?" मग पुण्याच्या एका साप्ताहिकात परीक्षण आलं. आवाज प्रामाणिक आहे, पण बोली शहरी कानाला परकी वाटते. पाचवं गाणं तर लयीत पार घसरलं आहे. ते अक्कांनी डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "हाऊ मानूस शेवटलोंग आयकी बसना," त्या म्हणाल्या. कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, याचाच त्यांना आनंद होता.

मी डबा झाकून ठेवला. लय घसरली होती ती माझ्या पेटीमुळे. संध्याकाळी गावातच देवपूर भागात त्यांच्या घरी जाऊन मी कबुली दिली.

"माले तवाच समजनं व्हतं," अक्का म्हणाल्या.

"मग पुन्हा का नाही घेतलं?"

"त्या गानामा तू पहिल्यांदा बोटेसकडे न देखता वाजाडं. परत लिधं असतं तं तू भ्याई जाता."

त्या परीक्षकाला त्यांनी पत्र लिहिलं. पाचव्या गाण्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, असं आधी कबूल केलं. मग लिहिलं, "पण बोली परकी वाटली म्हणून गाणं उणं होत नाही. जे शब्द अडले ते विचारा, मी सांगेन." महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. अकरा शब्द विचारले होते. अक्कांनी प्रत्येकाचा अर्थ दिला, वर तो शब्द कोण, कधी वापरतं तेही लिहिलं. त्या वर्षीच्या दिवाळी अंकात त्या गृहस्थांनी कॅसेटवर पुन्हा लिहिलं, चांगली तीन पानं. सुरुवातच होती: "मी घाई केली होती." पाचव्या गाण्याबद्दलचं मत मात्र बदललं नव्हतं. अक्कांना तेच जास्त आवडलं. दोन्ही लेख त्यांनी एक्स्चेंजच्या फळ्यावर शेजारी शेजारी लावले. साहेब दोन्ही वाचून गेले. त्यानंतर समज देणं बंद झालं.

पुढे आपोआप फोन लागायला लागले, आमचे बोर्ड निघाले आणि अक्काही निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला नाशिकहून मोठे साहेब आले होते. भाषण माझ्याकडे होतं. चार दिवस खपून मी शुद्ध, वळणदार मराठीत ते लिहून नेलं होतं. घरात आईशी अहिराणी बोलणारा मी, ऑफिसात इतक्या वर्षांत तिचा एक शब्द कधी तोंडातून निघू दिला नव्हता. उभा राहिलो. अक्का समोरच बसल्या होत्या. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "अक्का, तुम्हनामुये आम्ही बठ्ठा मोठा व्हयनूत."

पुढे काय काय बोललो ते नीट आठवत नाही. मोठे साहेब शेजाऱ्याकडे झुकून अर्थ विचारत होते आणि तो 'तुमच्यामुळे आम्ही सगळे मोठे झालो' असं सांगत होता, तेवढं कळलं. मी बोलतच राहिलो.